काटो बघ

मी पिठलं-भाकरी खातानाही घास तोंडात घालण्याआधी बोटांनी चाचपून बघतो. लग्नानंतर पहिली काही वर्षं बायकोला वाटायचं, मी तिच्या पिठल्यात खडे शोधतोय. त्यावरून आमच्यात अबोलाही झाला. आता तिनं नाद सोडला आहे. "काढा, काढा काटे," असं म्हणून ती ताटात आणखी पिठलं वाढते.

ही सवय मला भिकूआबांनी लावली. मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर, माडांच्या आडोशाला त्यांचं कौलारू घर होतं आणि घराच्या पडवीत त्यांची खानावळ. खानावळ म्हणायचं ते आपलं आपण. पाटी नव्हती, बाकं नव्हती, आज काय आहे ते सांगणारं कुणी नव्हतं. जमिनीपासून वीतभर उंचीवर, जांभ्या दगडाच्या तुकड्यांवर एक लांबलचक जाड फळी आडवी टाकलेली होती. फळीच्या अलीकडे पाच पाट, पलीकडे चूल आणि चुलीशी आबा. फळी गलबताची होती. ज्या गलबतावर आबांनी उभी उमर रांधण्यात घालवली ते मोडीत निघालं, तेव्हा त्यांनी मालकाकडून एवढी एक फळी मागून घेतली. तिच्याशी पाच माणसं मावत, म्हणून आबा एका वेळी पाचच माणसांना जेवायला घालत. सहावा आला तर तो बाहेर पायरीवर बसून वाट बघे. कुणी सुचवलंच, की आबा, आणखी एक फळी टाका, तर म्हणत, "फळी टाकशीत रे. माका आणखी दोन हात खंयसून देशीत?"

मी तेव्हा शिवणाची मशीनं विकणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक होतो. मूळचा कऱ्हाडचा. कोकणाच्या दौऱ्यावर जायला जुनी माणसं तयार नसत, मी नवा होतो, म्हणून मला धाडलं. फोंड्याचा घाट उतरायचा, देवगड-जामसंड्यातल्या शिंप्यांची मशीनं बघायची, मग मालवण. खाऱ्या वाऱ्यानं लोखंड लवकर गंजतं, त्यामुळे काम भरपूर असायचं आणि शिंपी लोक माझी वाट बघत असायचे. जामसंड्यातल्या एका शिंप्यानंच मला आबांचं घर सांगितलं. सुईत दोरा ओवता ओवता तो म्हणाला, "मालवणाक जातास तर भिकूआबाकडे जेव. पण थय काय मागू नको."

मागायचं नाही म्हणजे काय, ते मला तिथं गेल्यावर कळलं. आबांनी मला खालून वर न्याहाळलं. काळा, रोडका माणूस, गुडघ्यापर्यंत पंचा, उघडं अंग, खांद्यावर फडकं.

"खंयसून इलंस?"

"कऱ्हाडहून."

"म्हणजे घाटावयलो. मासे खातंस?"

"खातो की," मी म्हणालो. खाल्ले होते ते कृष्णेतले, तेही पावसाळ्यात कधीतरी, आणि भाकरीबरोबर कालवण म्हणून. आबांनी बसायची खूण केली. केळीच्या पानाचा तुकडा पुढं आला. त्यावर तव्यावरून उचलून एक लहानसा पांढरा मासा ठेवला गेला. नुसतं मीठ आणि कोकमाचं आगळ लावलेला. आणि आबा म्हणाले, "काटो बघ."

मी वाट बघत बसलो. म्हटलं, भाकरी येईल, भात येईल, मग सुरुवात करू. शेजारच्यांची पानं रिकामी झाली होती. आबा माझ्याकडे टक लावून बघत होते. "निवता ता," ते म्हणाले. मी घाईनं खाल्ला. तो मुडदुसा होता हे नंतर कळलं. इतकी नाजूक चव मी तोपर्यंत कशातच अनुभवली नव्हती. ती कळेपर्यंत संपलीसुद्धा. मग कालवं आली, चार-पाच, नुसती गरम केलेली. मग ईसवणीचा, म्हणजे सुरमईचा, एक तुकडा. मग पेडवे, तिरफळं घातलेले. आणि मग निखाऱ्यात भाजलेला बांगडा, ज्याचा वास आठवला तर आजही माझं मन लागत नाही. दर वेळी एकच तुकडा, तव्यावरून थेट पानात, आणि दर वेळी ते दोन शब्द. कालवांना कुठला आलाय काटा? पण आबा तेव्हाही म्हणाले, "काटो बघ."

एकेक तुकडा का, सगळं एकदम का वाढत नाही, हे मी पुढं त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "गलबत डोलता मां. डोलत्या गलबतार पानात कालवण ऱ्हवता काय?" सुकाणूवरचा माणूस सुटला की तो येऊन बसायचा, शिडाकडचा सुटला की तो. ज्याच्या वाट्याला जसा वेळ येईल तसं त्याला तव्यावरचं गरम द्यायचं. हलकी चव आधी, तिखट मागाहून, कारण तिखटानं जीभ मेली की पुढचं सगळं वाया. गलबत गेलं, आबा जमिनीवर आले, पण जमीन डोलत नाही ही गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत मनावर घेतली नाही. चुलीशी ते पाय फाकून, एका हातानं खांब धरून उभे राहत.

वाढून झालं की ते खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. हाताकडे नाही, पानाकडे नाही, तोंडाकडे. घास गिळला गेला की नाही हे बघूनच पुढचा तुकडा तव्यावर पडे. पाच माणसं, पाच तऱ्हांची तोंडं. कुणी भराभर खाई, कुणी रमतगमत, आणि आबांचा तवा प्रत्येकाच्या चालीनं चाले. गप्पा मारत बसलेल्याचा मासा निवला तर ते सरळ उचलून मांजरीला टाकत. मोठमोठी माणसं त्या मांजरीमुळे मुकाट जेवायला शिकली.

शेवटी उकड्या तांदळाचा भात आणि तिखला, म्हणजे माशाचं घट्ट, तिखट कालवण. आणि अगदी शेवटी कढी. कढी म्हणजे सोलांची, नारळाच्या रसातली, फिक्या गुलाबी रंगाची. मालवणात ती भातावरही घेतात, मधेही पितात. आबांकडे मात्र कढी म्हणजे निरोप होता. वाटीत कढी पडली की जेवण संपलं. प्यायची आणि उठायचं, पायरीवरच्या सहाव्याला जागा करून द्यायची. "ऊठ" हा शब्द ते तोंडानं कधी काढत नसत. कढी वाढत.

एकदा जिल्ह्याच्या गावाहून एक साहेब आले. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही. पाटावर टेकता टेकता ते म्हणाले, "पापलेट आहे ना? मग आधी पापलेट येऊ द्या. बांगडा नको मला, वास येतो त्याला."

आबांनी साहेबांपुढं वाटी ठेवली आणि तांब्या तिरका करून कढी ओतली. आम्ही बाकीचे चौघं पानात बघू लागलो. साहेबांना काय माहीत. त्यांनी वाटी उचलली, एका दमात रिकामी केली, मिशा पुसल्या. "वा! सुरेख," ते म्हणाले. "आमच्याकडे पाहुणा आला की गूळपाणी देतात, तसंच दिसतंय हे." आणि वाटी पुढं केली. आबांनी पुन्हा ओतली. साहेबांनी तीही संपवली आणि वाटी पुन्हा पुढं आली. माझ्या शेजारी बसलेले लोबो मास्तर छपराचे वासे मोजू लागले.

तांब्या हातात धरून आबा माझ्याकडे बघत म्हणाले, "आता ह्येका कसो उठवू?"

आतून सुंदरकाकींचा आवाज आला. काकी म्हणजे आबांची बायको. वाटण-घाटण सगळं त्यांचं, आणि घरातलं शेवटचं बोलणंही त्यांचं. "उठवतास कशाक?" त्या म्हणाल्या. "मागच्यासून फुडे वाढा."

आणि आबांनी खरंच साहेबांना उलटं जेवण वाढलं. आधी भात-तिखला, मग बांगडा, मग पेडवे, असं करत शेवटी मुडदुसा. साहेबांनी बांगडा मिटक्या मारत खाल्ला आणि कुठला मासा म्हणून विचारलं. "बांगडो," आबा म्हणाले. साहेबांनी पानातले काटे बाजूला सारले आणि विचारलं, "आणखी एक आहे?" ते गेल्यावर आबा बराच वेळ तवा पुसत बसले होते. "जेवलो बरो," शेवटी त्यांनी कबूल केलं. "पण उलटो."

लोबो मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे. दर रविवारी चर्चमधून थेट फळीवर येत, आणि शुक्रवारीही. शुक्रवारी त्यांच्यात मटण वर्ज्य, मासे चालतात. आबांना याचं फार कौतुक होतं. "तुमचो देव शाणो," ते म्हणत. "उपास सांगताना मालवण ध्यानात ठेवल्यान." मास्तर त्यावर गंभीरपणे मान डोलवत. आपल्याला पुढचा तुकडा लवकर मिळावा म्हणून ते आबांच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलवतात, असा माझा संशय होता.

"काटो बघ" कुठून आलं ते मला काकींनी सांगितलं. त्या दिवशी मी लवकर पोचलो होतो आणि त्या पडवीत नारळ खवत बसल्या होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा वासू लहान असताना आबांच्या मांडीला मांडी लावून जेवत होता. कर्ली हा मासा चवीला उत्तम, पण अंगभर काटे. बापानं घास काढून दिला आणि त्यात एक राहिला. मुलाचा जीव घुसमटला, डोळे पांढरे झाले. कोरड्या भाताचे गोळे गिळवून गिळवून अखेर काटा उतरला. "तेव्हापासून," काकी म्हणाल्या, "ह्येंच्या तोंडाक ता लागला ता लागला. देवाक निवेद दाखवताना सुदिक म्हणतत. मी म्हणतंय, देव घुसमटता काय?"

मी हसलो. काकीही हसल्या. मग खवणीवर नारळाची दुसरी कवड घेताना म्हणाल्या, "आता तो खायनाच मां."

वासू मुंबईत एका छापखान्यात होता. गिरगावातल्या खोलीत आणखी काहीजणांबरोबर राहायचा. तिथं त्याला विषमज्वर झाला. महिनाभर अंथरुणाला खिळला. खोलीतल्या एका माळकऱ्यानं त्याचं सगळं केलं, औषधापासून कपडे धुण्यापर्यंत. वासू बरा होऊन उठला तो गळ्यात तुळशीची माळ घालून. त्यात बापावर राग नव्हता, कुणावरच नव्हता. ज्यानं आपल्याला वाचवलं त्याच्यासारखं व्हावं असं त्याला वाटलं, एवढंच. पण सुटीत तो घरी आला तेव्हा तव्यावर ईसवणीचा तुकडा तयार होता. आबांनी सकाळी स्वतः बंदरावर जाऊन आणलेला. वासूनं उंबऱ्यातच सांगितलं, "बाबा, मी आता खाय नाय."

आबांनी तुकडा खाली उतरवला. काकी म्हणाल्या, त्या दिवशी फळीवर पाच माणसं जेवली आणि आबांनी एकालाही "काटो बघ" म्हटलं नाही.

पुढची अडचण अशी, की वासूला त्या घरातली आमटी-भाजीही चालेना. भांडी माशांची, चूल माशांची, पाटा माशांचा. तारकर्लीला त्याची मावशी होती, तिची सासू माळकरी, तिथं वेगळी चूल होती. तो तिथं राहायला गेला. मग दर सुटीत तसंच. उतरायचं तारकर्लीला, आणि संध्याकाळी चालत यायचं, बापाच्या घरी पायरीवर बसायचं. आबा त्याच्यासाठी शहाळं फोडून देत. बापलेकांचं बोलणं त्या शहाळ्यापुरतं. ते संपलं की वासू उठे.

गाव असल्या गोष्टी सोडत नाही. एक गिऱ्हाईक जेवता जेवता म्हणालं, "आबा, सगळ्या मालवणाक जेवक घातलात, आणि तुमच्या झिलान तुमकाच वाळीत टाकल्यान." त्याला पहिल्याच तुकड्यानंतर कढी मिळाली. साहेबांसारखी त्याची गफलत झाली नाही. उठला आणि गेला.

आबा स्वतःहून या विषयावर माझ्याशी एकदाच बोलले. सगळे उठून गेले होते, मी हात धुऊन आलो होतो. ते फळी पुसत होते. "पाच माणसां जेवतत हय रोज," ते म्हणाले. "वळखीची ना पाळखीची. आणि माझो एकटो झील तेवडो उपाशी जाता." मी म्हणालो, "आबा, तो उपाशी नाही, मावशीकडे जेवतो." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की घाटावरच्या माणसाला जेवण या गोष्टीतलं काही कळत नाही याची त्यांना आता खात्री पटल्याचं मला दिसलं. मला फार वाईट वाटलं. आपण मशीन दुरुस्त करतो तसं हे कुठंतरी स्क्रू फिरवून जमलं असतं तर, असं उगीच मनात आलं.

त्यानंतरच्या फेरीत त्यांनी मला विचित्र प्रश्न विचारायला सुरुवात केली. "तुमी घाटावयले सोमवारी काय जेवतास?" मी सांगितलं, वांगं, मटकी, पिठलं. "आणि मंगळवारी?" मी म्हणालो, तेच. "बुधवारी?" मी म्हणालो, आबा, आमच्याकडे बहुतेक रोजच ते. आबा खांब धरून विचारात पडले. भाज्यांशी त्यांचा परिचय म्हणजे माशाच्या कालवणात पडणारी कैरी आणि शेवग्याची शेंग, इथपर्यंतच. "वांग्याक चव कसली आसता?" त्यांनी विचारलं. खरंच, काय सांगणार?

चैत्र संपत आला तेव्हा मी पुन्हा मालवणात आलो. आबांच्या पायरीवर कुणी नव्हतं. दोघं-तिघं वाटेवरूनच परत फिरताना दिसले. आत गेलो तर काय, चूल थंड. मांजर रागावल्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसलेली. आबा आणि लोबो मास्तर मिळून फळी उलटी करत होते.

काकींनी खुलासा केला. वासू सुटीवर आला होता. काकी स्वतः तारकर्लीला जाऊन त्याला सांगून आल्या होत्या, की शुक्रवारी दुपारी ये, तुझा बाप तुझ्यासाठी वेगळं रांधतोय. "मगे काय म्हणालो?" मी माझ्या मोडक्या मालवणीत विचारलं. "म्हणालो, येतंय," काकी म्हणाल्या. "पण जेवतलंय म्हणान बोलूक नाय." शुक्रवार उद्यावर आला होता.

आबांनी आठवडाभर माशाला हात लावला नव्हता. ऐन हंगामात, बंदरावर टोपल्या भरून येत असताना. पडवीला लागूनच खळ्यात, म्हणजे अंगणात, तीन दगड मांडून नवी चूल केली होती. मडकी नवी, तवा नवा. पाटा मात्र काकींनी बदलू दिला नाही, टाकीचे घाव घालून नव्यासारखा करून घेतला. राहिली फळी. ती राखेनं घासली, लिंबानं घासली, उन्हात टाकली. पण इतक्या वर्षांचे मासे तिच्यात मुरलेले. शेवटी त्यांनी ठरवलं, तिची दुसरी बाजू वर करायची.

फळी उलटली तेव्हा खालची बाजू काळीभोर निघाली. ती गलबताची बाहेरची बाजू होती. लोबो मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "आबा, पण ही बाजू तर जन्मभर माशांतच पोहत होती."

आबा जराही डगमगले नाहीत. "ते जिते मासे," ते म्हणाले. "जित्या माशांचो विटाळ नाय."

मग त्यांनी मास्तरांपुढे दोन्ही हात धरले आणि वास येतोय का बघा म्हणाले. मास्तर म्हणाले, माझं नाक या गावात जन्मलं, त्याला काय कळणार? तेव्हा ते हात माझ्यासमोर आले. "तू घाटावयलो. तू हुंग." राख आणि लिंबू चोळून चोळून तळवे लाल झाले होते, एक-दोन ठिकाणी सोलवटले होते. मी हुंगलं. राखेचा वास होता, लिंबाचा होता. "नाही येत," मी म्हणालो. आबांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांनी मला आणि मास्तरांना दुसऱ्या दिवशी जेवायला यायला सांगितलं. फळीवर वासू एकटा बसला तर त्याला परकं वाटेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

शुक्रवारी वासू आला. बापासारखाच रोडका, डोळ्यांवर चष्मा, सदऱ्याच्या गळ्यातून दिसणारी माळ. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. त्यानं खळ्यातली नवी चूल बघितली, कोरी मडकी बघितली, काळी फळी बघितली. मग बापाचे हात बघितले आणि तिथं त्याची नजर थोडी अडकली. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. मग तो पाय धुऊन मधल्या पाटावर येऊन बसला. आतल्या दाराशी उभ्या असलेल्या काकींनी पदर तोंडाला लावला.

आबांनी वाढायला सुरुवात केली ती नेहमीसारखीच. आधी ओले काजू, नुसत्या मिठात आणि खोबऱ्यात परतलेले, एक मूठ. मग काळ्या वाटाण्याची उसळ, पानावर डावभर. मग कोवळ्या फणसाची भाजी. एकेक करून, चुलीवरून थेट पानात, हलकी चव आधी. सगळं तसंच होतं, फक्त आबा कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हते. वाढायचे आणि पाठ वळवून चुलीतली लाकडं सारखी करायचे. लाकडं सारखीच होती. वासू मान खाली घालून जेवत होता. जेवण उत्तम होतं. पण इतकं गुपचूप जेवण मी त्या पडवीत कधी जेवलो नव्हतो, आणि तिथं तर मांजरीच्या धाकानं लोक गप्पच जेवायचे.

मग तव्यावर नीरफणसाचे काप पडले. मावशीच्या परसातला नीरफणस, त्याचे ईसवणीच्या तुकड्याएवढे काप, आगळ चोळलेले, लाल तिखट आणि तांदळाचं पीठ लावलेले. तवा चुरचुरला आणि तोच वास पडवीभर पसरला, ज्या वासावर ते घर उभं होतं. लोबो मास्तर ताठ बसले. आबांनी खांब धरला, वाकले, पहिला काप उचलला आणि वासूच्या पानात ठेवला.

"काटो बघ," ते म्हणाले.

बोलून गेले आणि तसेच वाकलेले राहिले. आठ दिवस घासून-पुसून त्यांनी घरातला मासा घालवला होता, पण जिभेवरचा राहून गेला होता. त्यांचा चेहरा बघवेना. लेकासमोर कसलातरी गुन्हा केल्यासारखं त्यांच्या तोंडावर आलं. काकी आतून काही म्हणायला पुढं झाल्या आणि थांबल्या. लोबो मास्तरांना विनोद सुचला असेल तर त्यांनी तो गिळला.

वासूनं पानाकडे बघितलं. मग दोन बोटांनी तो काप मोडला आणि चाचपायला लागला. सावकाश, कडेनं, मधून, पुन्हा कडेनं. कर्लीतून काढावेत तसे. एका जागी त्याची बोटं थांबली. चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करून त्यानं ते पानाच्या कडेला नेऊन ठेवलं.

"एक होतो," तो म्हणाला.

मग त्यानं काप खाल्ला.

आबा अजून वाकलेलेच होते. त्यांनी पानाच्या त्या रिकाम्या कडेकडे बघितलं. "लागाक नाय मां?" त्यांनी विचारलं.

"नाय, बाबा."

त्यानंतर आबांनी प्रथमच वर मान करून त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि घास गिळेपर्यंत बघत राहिले. मला तिथं रडू आलं, आणि मी ते तिखटावर घातलं. मास्तरांनी मला पाण्याचा तांब्या सरकवला. त्यांनाही तो हवा होता, हे नंतर लक्षात आलं.

भात झाला. वासूनं बाजूला हात टेकून विचारलं, "बाबा, कढी?"

"कढी होवक नाय अजून," आबा म्हणाले.

कढीचा तांब्या त्यांच्या मागं भरून ठेवलेला होता. लसूण न घातलेली, सकाळीच केलेली. मला दिसत होती, मास्तरांना दिसत होती, आणि वासूलाही दिसत असणार, कारण तो पुन्हा मांडी घालून नीट बसला. आबांनी तव्यावर आणखी दोन काप टाकले.

माझी एसटी होती. त्या घरातून कढी न पिता मी उठलो तो त्या एकाच दिवशी. त्या पावसाळ्यात कंपनीनं मला खानदेशाकडे पाठवलं आणि मालवण सुटलं ते सुटलंच. आबा गेल्याचं बऱ्याच वर्षांनी जामसंड्याच्या शिंप्याकडून कळलं. फळी पुढं कुठल्या बाजूनं राहिली, ते विचारायचं राहूनच गेलं.

त्या शुक्रवारी मी चपला घातल्या आणि पायरी उतरलो. वळून बघितलं तर आबा खांब सोडून फळीच्या पलीकडे चक्क उकिडवे बसले होते, दोन्ही पाय जमिनीवर टेकून, आणि तव्यावरचा काप उलथन्यानं उचलत होते. वाट माडांत वळते तिथवर मला त्यांचा आवाज आला.

"काटो बघ हां, वासू."

"बघतंय, बाबा."